काळी चार

"बाई, पट्टी कुठली?" मी विचारलं.

फोन शेजारच्या पानवाल्याचा. त्यात खरखर इतकी की दुसऱ्या कानात बोट घालून उभं राहावं लागायचं.

"मधला सी," पलीकडून बाई म्हणाल्या. "कळलं ना?"

"कळलं की. मध्य सप्तकातली पांढरी एक."

"तुम्ही लोक काय म्हणता ते मला ठाऊक नाही. मधला सी."

"एकच पट्टी?"

"एकच. बाकी..." पुढचं सगळं खरखरीत गेलं.

"निर्धास्त या बाई," असं ओरडून मी फोन ठेवला आणि पानवाल्याला म्हटलं, "बघ, आता पियानोसुद्धा आपल्याकडं यायला लागले."

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी मूळचा मिरजेचा, दस्तगीर मुल्ला. तंबोरे लावायला चाचांच्या हाताखाली शिकलो आणि पुण्यात शनिवार पेठेत गाळा घेऊन बसलो. गवयांच्या पेट्या सुरात करून देणं हे माझं खास काम. कारखान्याची पेटी बेसूरच येते, असं चाचा म्हणायचे. का येते, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, पट्टी कुठली? म्हणजे तुमचा षड्ज कुठला? कुणी सांगतं काळी एक, कुणी पांढरी चार. ती पट्टी धरायची आणि बाकीचे सूर तिच्या हिशेबानं खरे करून द्यायचे. पंधरा वर्षं हेच केलं आणि त्यात माझा हात धरणारा पुण्यात कुणी नव्हता. हे मी नाही, लोक म्हणायचे. मी फक्त नाही म्हणायचो नाही.

पियानोचं काम आणलं पेंडसेसाहेबांनी. प्रभात रोडला एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये त्यांचा छोटा स्टुडिओ होता. भावगीतं, जाहिराती, असलं काही ते रेकॉर्ड करायचे. त्यांचा पियानो लावणारा म्हातारा मुंबईहून यायचा. तो जिन्यावरून पडून पायाला प्लास्टर घालून बसला होता.

"पियानो केलायस ना कधी?" त्यांनी विचारलं होतं.

"पुष्कळ!" मी म्हणालो. केला एकही नव्हता. पण मिरजेचा माणूस वाद्याच्या बाबतीत 'माहीत नाही' म्हणाला तर घरी जेवायला मिळत नाही.

"नीट ऐक," पेंडसे म्हणाले. "आयरिन कुटिन्होबाई साठीच्या आहेत. आयुष्यभर हॉटेलात लोकांच्या फर्माइशी वाजवल्या. जॅझ म्हणतात ते त्यांचं खरं वाजवणं, पण जेवताना ते कुणाला हवं असतं? आता पहिल्यांदा स्वतःच्या चालींची कॅसेट करतायत. पाच चाली, एक रविवार. बेस वाजवणारा लोंढे संध्याकाळी साडेपाचला मुंबईला निघणार आणि सोमवारी मस्कतला उडणार, दोन वर्षांच्या करारावर. त्याच्याशिवाय बाई वाजवणार नाहीत. तेव्हा रविवार गेला की कॅसेट गेली. पियानोत काही राहता कामा नये."

"साहेब, माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी त्यांनी स्टुडिओ उघडून दिला आणि ते लग्नाला गेले. मी पियानोचं झाकण उचललं आणि बघतच राहिलो. सव्वादोनशे तारा! एकेका पट्टीला तीन-तीन. तंबोऱ्याला चार तारा असतात आणि त्याच्यावर माणसाचा जन्म जातो. म्हाताऱ्याची चावी तिथंच खोक्यात होती, तारा दाबायला बनातीच्या पट्ट्याही होत्या. मधली पांढरी एक वाजवली. तिच्या तिनांतली एक तार उतरलेली होती. ती वर घेतली, दोन मिनिटांचं काम. मग म्हटलं, आता बघू षड्जाला गंधार कसा लागतो.

या अल्ला! गंधार चढलेला. खालचा बघितला, तोही चढलेला. वरचा, तोही. धैवत चढलेले, निषाद चढलेले. पंचमसुद्धा केसभर उतरलेला. म्हटलं, हा म्हातारा मुंबईहून येऊन करत तरी काय होता? बाईंनी बिचारीनं एवढी वर्षं असल्या सुरांवर काढली? मी बाह्या वर सारल्या. डबा तिथंच पडून राहिला. संध्याकाळी सहाला चावी खाली ठेवली तेव्हा खांदा भरून आला होता. षड्ज, गंधार, पंचम एकदम वाजवले. सूर जागच्या जागी उभा राहिला, हलेना की डुलेना. मला इतका आनंद झाला की रिकाम्या खोलीत मीच मला शाबास म्हणालो.

रविवारी नऊला सगळे आले. आयरिनबाई लहानखुऱ्या, केस आखूड कापलेले, फुलाफुलांचा फ्रॉक आणि पायात कॅनव्हासचे बूट. वाढलेल्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत, त्यामुळं मराठी फर्डं, पण 'तुम्ही-आम्ही' नाही. कलेक्टर असो की हमाल, सगळ्यांना 'तू'. त्यांच्यामागून सुदाम लोंढे, मिलिटरी बँडातून निवृत्त झालेला, माणसाएवढं उंच, व्हायोलिनच्या घडणीचं बेस खांद्यावर घेऊन. तिसरा ड्रमवाला सोहराब, बोलायचा कमी आणि वेफर्स खायचा जास्त.

बाई बसल्या. दोन्ही हात ठेवून त्यांनी सी-चा मोठा स्वरमेळ, म्हणजे तेच षड्ज-गंधार-पंचम, एकदम वाजवला.

खोलीतली सगळी माणसं थांबली. सोहराबचा वेफर तोंडापाशीच राहिला. बाईंनी तोच मेळ पुन्हा वाजवला आणि सूर पार विझेपर्यंत कान लावून बसल्या.

"हे कुणी केलं?"

"मी, बाई," मी छाती काढून म्हणालो.

"माय गॉड," बाई हळूच म्हणाल्या. मग हात एक घर सरकवून त्यांनी पांढरी दोनवर दुसरा मेळ वाजवला, आणि असा काही आवाज आला की सुदामनं दात आवळले. बाई आणखी पुढं गेल्या, पांढरी तीनवर. ते तर रडंच होतं.

"आयला," सुदाम म्हणाला, "पियानोला झालं काय?"

बाई माझ्याकडं वळल्या. "तू काय केलंस?"

"तुम्ही म्हणालात तेच. पांढरी एकच्या पट्टीत लावला. सगळे सूर खरे केले."

"सगळे? अरे, मी एक पट्टी म्हणाले! मधला सी! त्याची एक तार उतरली होती. बाकी कशाला हात लावू नकोस म्हणाले!"

"बाई, मी विचारलं, पट्टी कुठली..."

"मग? मी सांगितली ना पट्टी!"

आता डोक्यात उजेड पडला. मी विचारला होता षड्ज, त्यांनी सांगितली होती बिघडलेली पट्टी. आमच्यात दोन्हींना एकच शब्द.

"कप्पाळ!" सुदाम म्हणाला. "मुल्ला, तुम्ही तर पियानोचं श्राद्ध घातलंत. मला साडेपाचला निघायचंय, माहितीय ना?"

पेंडसे काचेमागून बाहेर आले ते मला खाऊ की गिळू करत. पण बाई तिकडं बघेनात. त्या पियानोच्या बारा सुरांवर एकेक मेळ वाजवत चालल्या होत्या, भाड्याचं घर बघायला आलेलं माणूस एकेक खोली उघडून बघतं ना, तशा. "इथं छान... इथंही... आई ग, इथं नको... हे बघ, काळी एक किती गोड!" पाऊण तास फुकट गेला म्हणून पेंडसे हात चोळत होते आणि बाईंचे डोळे लहान पोरीसारखे चमकत होते.

"दस्तगीर, इकडं ये. असा सी मी जन्मात ऐकला नाही. खरं सांगते. पण मला बाराही लागतात. माझी चाल एका घरात बसत नाही, ती हिंडते. पांढरी तीनला गेले की तिचा गंधार कुठला?"

मी मोजलं. "काळी चार."

"आणि काळी चार तू कुणाच्या हिशेबानं लावलीस?"

"पांढरी एकच्या. तिचा कोमल धैवत म्हणून." बोलता बोलताच मला कळलं. माझा कोमल धैवत त्यांच्या तिथं गंधार व्हायचा होता, आणि गंधार म्हणून तो केवढा तरी चढलेला होता. एका घरी खरा, दुसऱ्या घरी पार खोटा.

"बारा जणांना एका खोलीत राहायचंय," बाई म्हणाल्या. "मग प्रत्येकानं थोडं अंग चोरून बसायला नको?"

पंधरा वर्षं मी कारखान्याच्या पेट्यांना शिव्या देत होतो. त्या तशा का येतात, ते मला त्या सकाळी कळलं. माझी लाज बाजूला राहिली आणि वाटलं, अरे, हे कुणी शोधून काढलं असेल? किती भांडणं झाली असतील!

"घे चावी," बाई म्हणाल्या. "मी त्या म्हाताऱ्याला तीस वर्षं बघतेय. मला लावता येत नाही, पण कुठं थांबायचं ते कळतं. पंचम लाव."

मी लावला, खरा.

"आता उतरव."

"उतरवू?"

"किंचित."

"किती, बाई?"

"तुला वाईट वाटेपर्यंत. वाईट वाटलं की थांब."

हात उचलेना. चाचांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, ते पंचम उतरलेला तंबोरा मी गिऱ्हाइकाला दिला म्हणून. मी डोळे मिटून चावी केसभर फिरवली. सूर हेलकावे घ्यायला लागला. बाई घड्याळ धरून मोजत होत्या. "दहा सेकंदांत सात-आठ हवेत. अजून थोडं... बस! पुढचा."

असे आम्ही बारा पंचम उतरवले. मग त्यांवरून खालची-वरची सप्तकं. दुपारचे पावणेदोन वाजले. माझ्या कानांना एकही सूर बरा लागत नव्हता आणि बाई म्हणत होत्या, "फर्स्ट क्लास!" सुदाम अंगणात येरझारा घालून घालून दमला होता. सोहराबनं माझ्या हातावर वेफर्सचा पुडा ठेवला. सकाळपासून त्याच्याकडून मिळालेला तेवढाच धीर.

दोनला रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. आणि मग मी जे ऐकलं त्याला मला नाव देता येत नाही. आमच्याकडं गवई समेवर येतो आणि सगळे मान हलवतात. इथं तिघं एकमेकांना हुलकावणी देत होते. बाई निघाल्या की सुदाम त्यांच्या आधी जाऊन उभा, सोहराब त्याला मागून चापट मारून पुढं. चाल या घरातून त्या घरात हिंडत होती आणि कुठंच परकी वाटत नव्हती. मी काचेमागं पेंडसेंच्या शेजारी उभा राहून विचार करत होतो, हे लोक ठरवतात कधी? पेंडसे म्हणाले, "ठरवत नाहीत." मी म्हटलं, "मग चुकत कसे नाहीत?" ते म्हणाले, "चुकतात की. ऐक नीट."

पाच वाजून वीस मिनिटं झाली तोवर चार चाली झाल्या. पाचवी राहिली होती, बाईंची सगळ्यात जुनी. तिचं नाव 'दौंड, सहा वीस'. बाविसाव्या वर्षी बांधलेली, आणि आजवर कुणाला ऐकवलेली नाही. सहा वीसच्या गाडीनं दौंडला कोण यायचं, ते बाईंनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. सुदाम म्हणाला, "मिस, टॅक्सी दारात आहे. एकदाच वाजवू."

"एकदाच," बाई म्हणाल्या.

चाल होती पांढरी तीनच्या पट्टीत.

टेप फिरायला लागली. लाल दिवा लागला. बाईंनी सुरुवात करायच्या आधी सवयीनं एक बोट टेकवलं, काळी चारवर, अगदी हळू. टण्ण! तिच्या तिनांतली एक तार पार उतरलेली. शनिवारी मी त्या तारेची खुंटी जोर लावून वर नेली होती, रविवारी परत खाली आणली होती. दोनदा पिळलेली खुंटी ती, दिवसभराच्या ठोक्यांनी सरकली.

माझा हात दाराच्या मुठीवर गेला. पेंडसेंनी मनगट धरलं. "दिवा लागलाय."

"साहेब, पाच मिनिटं..."

"पाच मिनिटं कुणाकडं आहेत?"

काचेतून बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग सुदामकडं. त्याच्या बेसची पिशवी उघडीच पडलेली होती. बाईंनी बोट उचललं, एक श्वास घेतला आणि वाजवायला लागल्या.

गंधार हा त्या चालीचा जीव. हे मला पहिल्या चार सुरांत कळलं, पंधरा वर्षं उगाच नाही घालवली. प्रत्येक ओळ तिकडंच धावत होती. मी दाताखाली ओठ धरून उभा होतो. आता येणार, आता टण्ण वाजणार. बाई अगदी दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. दुसरी ओळ, पुन्हा उंबऱ्यापर्यंत, पुन्हा मागं. सुदाम गोंधळला. त्याचा एक सूर हुकला. त्यानं मान वर करून बाईंच्या बोटांकडं बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं. मग त्यानंही ती जागा मोकळी सोडली. सोहराबनं तिथं ड्रमवर नुसता ब्रश फिरवला. साडेसहा मिनिटं तिघं जण त्या एका पट्टीच्या भोवती फिरले आणि कुणीही तिला शिवलं नाही.

दिवा विझला. सुदाम बाईंच्या पायांशी वाकला, बेस पिशवीत घातलं आणि गेला. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला.

मी आत गेलो. "बाई, माझ्यामुळं..."

"गप्प बस." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अडतीस वर्षं ही चाल मी सांभाळली, दस्तगीर. एकदा वाजवायची होती. एकदा. आणि तिच्यात तो सूरच नाही. मी आज तुला माफ करणार नाही. उद्याचं उद्या बघू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना कॅम्पातल्या घरी सोडायला सोहराब गेला. मी ती खुंटी काढून, खाली कागदाची घडी घालून घट्ट बसवली आणि घरी आलो. नंतर कित्येक दिवस तंबोरा लावताना चावीवरचा विश्वास उडाल्यासारखा झाला होता. गिऱ्हाइकाला पट्टी विचारायची तर जीभ अडखळायची.

तीन महिन्यांनी पोस्टानं पुडकं आलं. वर कॅम्पातला पत्ता. मी ते कपाटावर टाकलं. आठ दिवस कपाटावरच राहिलं. नवव्या दिवशी माझी बायको मेहरुन केर काढताना ते खाली घेऊन आली. "अहो, बॉम्ब आहे का काय ह्याच्यात?" असं म्हणून तिनंच फोडलं. आत कॅसेट. आमची नसीम तेव्हा दहावीला होती, ती आतला कागद मोठ्यानं वाचायला लागली. इंग्रजी वाचायची आणि मराठीत सांगायची.

"पियानो, आयरिन कुटिन्हो. बेस, सुदाम लोंढे. ड्रम, सोहराब..." ती थांबली. "अब्बा, तुमचं नाव आहे."

"थट्टा करू नकोस."

"अल्लाशप्पथ. शेवटची चाल, 'दौंड, सहा वीस'. त्याच्याखाली लिहिलंय. जी शार्प, म्हणजे..."

"काळी चार," मी म्हणालो.

"काळी चार, न वाजलेली: दस्तगीर मुल्ला, मिरज."

मेहरुननं केरसुणी खाली ठेवली. "वाजवणाऱ्यांच्या यादीत? म्हणजे तुम्ही कॅसेटमध्ये वाजवलंत आणि घरात सांगितलं नाही?"

"मी काही वाजवलेलं नाही."

"मग नाव कशाला छापतील? काय वाजवलंत, सांगा तरी."

काय सांगणार? बाईंनी माफ केलं होतं की जन्माची चापट मारली होती, माझं मलाच कळत नव्हतं. मी कॅसेट लावली आणि शेवटच्या चालीपाशी आणून ठेवली. आम्ही तिघं ऐकायला बसलो. बाई निघाल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा वळल्या. तिसऱ्या वेळी, जिथं सोहराबचा ब्रश नुसता फिरतो, तिथं नसीम हातातल्या कागदाकडं बघत बघत गुणगुणली. एकच सूर. तिला गाणं येत नाही, कुणी शिकवलेलं नाही. पुढच्या ओळीला पुन्हा तिथंच, पुन्हा तोच.

"तू काय म्हणतेस गं?" मेहरुननं विचारलं.

"मी? काही नाही. गाण्यातलंच आहे ना ते."

"गाण्यात नाहीये," मी म्हणालो. "पुन्हा म्हण."

ती लाजली, पण म्हणाली. मी मेहरुनकडं वळलो. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलंसुद्धा नाही.

"हे," मी म्हणालो. "हे मी वाजवलंय."